ख्रिस्ताची शिकवण आणि साखरेचा व्यापार

धर्मावर मनापासून श्रद्धा असणें म्हणजे काय, या प्रश्नाचें उत्तर शोधतांना बहुतेक माणसें देवळाच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या उंबरठ्यापाशींच थांबतात. पहाटे उठून स्तोत्र म्हणावें, ठरलेल्या वारीं उपास करावा, वर्षाकाठीं कांहीं रक्कम धर्मादाय म्हणून काढून ठेवावी, आणि मग दुकान उघडून जो व्यवहार वडिलांपासून चालत आला आहे तो तसाच चालूं द्यावा, ही रीत आपल्याकडील सर्व धर्मांच्या लोकांत सारखीच रूढ आहे. देवाचें खातें निराळें आणि दुकानाचें निराळें. एका वहींतील रक्कम दुसरींत ओढावयाची नाहीं, असा जणूं अलिखित करारच मनुष्यानें परमेश्वराशीं केलेला असतो. ख्रिस्ती धर्माच्या अनुयायांपैकीं ज्या थोड्या लोकांनीं हा करार मोडला, त्यांची हकीकत आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. ती बव्हंशीं साखरेच्या व्यापाराची हकीकत आहे. साखर ज्याच्या घरांत व दुकानांत नाहीं असा वाचक विरळा. तेव्हां ती दूरदेशींची म्हणून कोणी बाजूस सारूं नये.

ख्रिस्ती धर्माचीच निवड आम्हीं कां केली, हें प्रथम सांगितलें पाहिजे. देव आणि द्रव्य या दोन धन्यांची चाकरी एकाच माणसाला करतां येणार नाहीं, असें ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस स्पष्ट बजावलें आहे. शेजाऱ्यावर स्वतःइतकेंच प्रेम करावें, आणि जगानें अगदीं क्षुद्र मानलेल्या माणसाशीं जें वर्तन कराल तें माझ्याशींच केलें असें समजावें, हीहि त्याचीच शिकवण. हे तीन उपदेश जो व्यापारी शब्दशः मानील, त्यास आपल्या दुकानांतील प्रत्येक जिनसाकडे पाहून, हा माल कोणाच्या श्रमांतून आला आणि त्या श्रमाचें मोल त्याला मिळालें काय, असा प्रश्न विचारावाच लागेल. असें असतांहि सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत अटलांटिक महासागरावर गुलामांचा जो व्यापार चालला, तो मुख्यतः ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनींच चालविला. सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसें गलबतांवर चढविण्यांत आलीं आणि त्यांपैकीं सुमारे १८ लाख वाटेंतच मेलीं. जीं वांचलीं त्यांतील फार मोठ्या भागाच्या नशिबीं उसाचे मळे आले. ज्या धर्माच्या अनुयायांनीं हें पाप केलें, त्याच धर्माचा आधार घेऊन तें नाहींसें करण्याची चळवळहि उभी राहिली. हा फरक कशामुळें पडला, तेंच पाहावयाचें आहे.

अर्धवट श्रद्धेचें उदाहरण म्हणून जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाचें चरित्र घ्यावें. सन १७४८ सालीं भर समुद्रांत वादळांत सांपडला असतां त्याला ईश्वराची आठवण झाली, आणि तेव्हांपासून तो स्वतःस ख्रिस्ताचा भक्त मानूं लागला. परंतु याच न्यूटननें पुढें सन १७५० ते १७५४ या काळांत गुलामांच्या गलबतांचा कप्तान होऊन तीन सफरी केल्या. दर रविवारीं तो खलाशांस जमवून प्रार्थना चालवी. आणि त्याच वेळीं त्यांच्या पायांखालीं, गलबताच्या पोटांत, स्त्रीपुरुष बंदिवान पडलेले असत. यांत त्याला कांहींच विसंगति दिसली नाहीं. धंदा सोडला तोहि प्रकृति बिघडली म्हणून. पुढें तो धर्मोपदेशक झाला, त्यानें स्तोत्रें रचलीं, आणि अखेर सन १७८८ सालीं, म्हणजे भक्त झाल्यापासून ४० वर्षांनीं, या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून त्यांतील आपला भाग लज्जेनें कबूल केला. न्यूटन ढोंगी नव्हता. त्याची श्रद्धा खरी होती. ती त्याच्या धंद्याच्या खोलींत शिरण्यास मात्र ४० वर्षें लागलीं.

एकट्यादुकट्या माणसाची ही कथा, तर संस्थांची काय सांगावी? परदेशीं ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठीं इंग्लंडांत स्थापन झालेल्या एका प्रसिद्ध मंडळीला बार्बाडोस बेटांतील कॉड्रिंग्टन नांवाचे उसाचे मळे सन १७१० सालीं मृत्युपत्रानें मिळाले. मळ्यांबरोबर गुलामहि मिळाले. मंडळीनें ते सोडले नाहींत. उलट कांहीं काळ त्यांच्या छातीवर मंडळीच्या नांवाचा डाग देण्यांत येई. उत्पन्न धर्मकार्याकडे जात असल्यामुळें तें कसें मिळालें याची चौकशी करण्याची कोणास गरज वाटली नाहीं. दानधर्मानें व्यापारांतील पाप धुऊन निघतें, असें मानणाऱ्या सर्व धर्मांच्या धनिकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स नांवाच्या इंग्रज साधूनें एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्या पंथाचे लोक स्वतःस मित्र म्हणवीत. इतर जनांनीं त्यांस क्वेकर हें नांव ठेविलें. प्रत्येक मनुष्याच्या ठिकाणीं ईश्वराचा प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. त्यामुळें ते कोणापुढें टोपी काढीत नसत, आणि कोर्टांत शपथहि घेत नसत. कारण शपथ घेतल्यावर खरें बोलूं असें म्हणणें म्हणजे एरवीं खोटें बोलतों अशी कबुली देणेंच होय. याचा परिणाम असा झाला कीं, सरकारी अधिकाराच्या जागा व इंग्लंडांतील जुनीं विद्यापीठें त्यांस बंद झालीं, आणि पुष्कळ क्वेकर व्यापाराकडे वळले.

या व्यापाऱ्यांनीं दुकानांत काय केलें, तें आमच्या दुकानदार वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावें. ज्या किंमतीस माल द्यावयाचा आहे तिच्यापेक्षां अधिक किंमत प्रथम सांगणें हें असत्य होय, असें मानून त्यांनीं घासाघीस सोडून दिली आणि एकच भाव सांगण्याचा परिपाठ पाडला. प्रारंभीं गिऱ्हाईक तुटलें. परंतु पुढें लोकांस कळून आलें कीं, या दुकानांत लहान मूल पाठविलें तरी तें फसत नाहीं. आणि मग गिऱ्हाईक इतकें वाढलें कीं इतर दुकानदार कुरकुर करूं लागले. ही हकीकत खुद्द फॉक्सनें लिहून ठेविली आहे. पंथाची सभा सभासदांच्या देण्याघेण्याकडेहि लक्ष ठेवी. ज्याचें दिवाळें निघे त्यास बहुधा सभेंतून काढून टाकीत, कारण त्यानें दुसऱ्याचा पैसा आपल्या साहसावर लाविला असें मानीत. तुरुंगांतील स्त्रियांची दैना दूर करण्यासाठीं झटलेल्या एलिझाबेथ फ्राय या विख्यात बाईंच्या पतीची पेढी सन १८२८ सालीं बुडाली, तेव्हां पत्नीच्या कीर्तीकडे पाहूनहि सभेनें त्याची गय केली नाहीं. ज्या पंथाची नीति हिशेबाच्या वहीपर्यंत पोंचते, त्याच पंथांतून गुलामगिरीविरुद्ध प्रथम संघटित आवाज उठावा यांत नवल नाहीं.

त्या आवाजास आकार देणारा मुख्य पुरुष जॉन वूलमन हा होय. त्याचा जन्म सन १७२० सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत झाला. तरुणपणीं तो एका दुकानांत नोकरीस असतां धन्यानें आपली एक निग्रो स्त्री विकली आणि वूलमनला विक्रीखत लिहावयास सांगितलें. विकत घेणारा वृद्ध गृहस्थ त्याच्याच पंथाचा होता. धन्याची आज्ञा म्हणून त्यानें खत लिहिलें. पण गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें मला वाटतें, हें त्या दोघांच्या तोंडावर सांगितलें. तेवढ्यानेंहि त्याचें समाधान झालें नाहीं. पुढें दुसऱ्या एकानें तसेंच खत लिहून मागतांच त्यानें साफ नकार दिला. शिंपीकामाबरोबर मृत्युपत्रें लिहिण्याचें कामहि तो करी. पण ज्या मृत्युपत्रांत गुलाम मुलांच्या नांवें करावयाचे असत तें तो लिहीत नसे, मग मोबदला बुडाला तरी चालेल. एकदां एका आजारी शेजाऱ्याचें मृत्युपत्र त्यानें लिहून घेतलें. गुलाम मुलीविषयींचा मजकूर तेवढा गाळला, आणि हा भाग माझ्यानें लिहवत नाहीं असें त्यास कळविलें. दोघांचें शांतपणें बोलणें झालें. अखेर शेजाऱ्यानें त्या मुलीस मुक्त करण्याचें कबूल केलें, आणि वूलमननें मृत्युपत्र पुरें केलें.

वूलमनच्या वर्तनांत आणखी एक विशेष होता. त्याचें स्वतःचें दुकान उत्तम चालूं लागलें, तेव्हां धंदा वाढला कीं मन त्यांतच गुंततें असें पाहून त्यानें सन १७५६ च्या सुमारास दुकानदारी बंद केली आणि शिवणकाम व सफरचंदांची बाग एवढ्यावर निर्वाह चालविला. दक्षिणेकडील प्रांतांत प्रवास करतांना ज्यांच्या घरीं तो उतरे, त्यांच्या गुलामांस सेवेबद्दल आपल्या खिशांतून चांदीचीं नाणीं देई. फुकटच्या चाकरीचा लाभ घेणें हाहि गुलामगिरींतील एक वांटाच होय, असें त्यास वाटे. गुलामांच्या श्रमाची साखर त्यानें वर्ज्य केली. त्यानें कोणाच्या दारापुढें उभें राहून शिव्याशाप दिले नाहींत. प्रथम स्वतःची वही स्वच्छ केली आणि मगच दुसऱ्याच्या दारीं गेला. म्हणूनच त्याचा शब्द ऐकणाऱ्यास जड गेला. सन १७७२ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें देवीच्या रोगानें त्याचा अंत झाला.

तथापि क्वेकर पंथ म्हणजे संतांचाच मेळा होता असें कोणी समजूं नये. पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या पदरीं गुलाम होते. जर्मनटाउन येथील चार सभासदांनीं सन १६८८ सालीं गुलामगिरीचा लेखी निषेध केला. वरिष्ठ सभांनीं तो कागद बाजूस ठेविला. बेंजामिन ले नांवाच्या ठेंगण्या पण धीट गृहस्थानें सन १७३८ सालीं भरसभेंत एका पोकळ पुस्तकांत लपविलेल्या लाल रसाच्या पिशवींत तलवार खुपसली, आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या अंगावर तो रस रक्तासारखा उडविला. त्याला बाहेर काढण्यांत आलें. सन १७५८ सालीं सभेनें गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांचें मन वळविण्यासाठीं माणसें नेमिलीं. त्यांत वूलमन होता. अखेर सन १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलाम बाळगणाऱ्यास सभासद राहतां येणार नाहीं असा नियम केला. पहिल्या निषेधापासून या नियमापर्यंत ८८ वर्षें गेलीं. आपल्याच जातींतील, आपल्याच पंथांतील माणसांस सुधारणें हें परक्यांस उपदेश करण्याहून किती कठीण असतें, हें आमच्या सुधारक वाचकांस निराळें सांगावयास नको.

यानंतर ही चळवळ इंग्लंडांत पसरली. सन १७८७ सालीं लंडनमध्यें गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठीं जी समिति स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकीं ९ क्वेकर होते. टॉमस क्लार्कसननें बंदरोबंदरीं हिंडून पुरावा गोळा केला. पार्लमेंटांत विल्यम विल्बरफोर्सनें वर्षानुवर्षें ठराव आणले. विशेष ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, याच विल्बरफोर्सच्या मनांत धर्मजागृतीनंतर राजकारण सोडून द्यावें असें आलें होतें. तो सल्ला विचारण्यासाठीं वृद्ध न्यूटनकडे गेला, आणि न्यूटननें त्यास पार्लमेंटांतच राहावयास सांगितलें. ज्याची स्वतःची श्रद्धा ४० वर्षें धंद्याच्या बाहेर उभी होती, त्यानेंच दुसऱ्याची श्रद्धा कामाच्या ठिकाणीं टिकवून धरली.

सन १७९१ सालीं पार्लमेंटानें ठराव फेटाळला, तेव्हां लोकांनीं आपल्या हातांतलें शस्त्र उचललें. विल्यम फॉक्स नांवाच्या लेखकानें पत्रक काढून लोकांस गुलामांच्या श्रमाची साखर न खाण्याची विनंति केली. क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणें सुमारे ३ लाख माणसांनीं ती साखर सोडली. कित्येक दुकानदारांनींहि ती ठेवण्याचें बंद केलें आणि तिच्याऐवजीं हिंदुस्थानांतून येणारी साखर विकावयास आणली. ही साखर गुलामांनीं केलेली नाहीं, असें साखरेच्या भांड्यांवर लिहिलेलें असे. पुढें सन १८२४ सालीं लेस्टर येथील एलिझाबेथ हेरिक या बाईंनीं, गुलामगिरी हळूहळू नव्हे तर ताबडतोब बंद करा, असें पत्रक प्रसिद्ध केलें आणि घरोघर व वाण्यांच्या दुकानोदुकानीं जाऊन साखरेचा बहिष्कार पुन्हां चालू केला. मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनीं स्वयंपाकघरांतून चालविलेलें हें राजकारण होतें. सन १८०७ सालीं ब्रिटिश साम्राज्यांत गुलामांचा व्यापार बंद झाला, आणि गुलामगिरी बंद करण्याचा कायदा सन १८३३ सालीं मंजूर झाला.

येथें एक न्याय्य आक्षेप येतो. गुलामगिरी साखर न खाणाऱ्या सज्जनांनीं संपविली, असें म्हणणें गुलामांवर अन्याय करणें नव्हे काय? आक्षेप खरा आहे. हैतींत सन १७९१ सालीं गुलामांनीं उठाव करून स्वतःचें राज्य मिळविलें. जमेकांत सॅम्युएल शार्प नांवाचा बाप्टिस्ट पंथाचा एक धर्मसेवक होता. तो स्वतः गुलाम. बायबल वाचून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, मनुष्यास मनुष्याची मालकी सांगण्याचा अधिकार देवानें दिलेला नाहीं. सन १८३१ च्या नाताळानंतर मजुरीवांचून कोणी काम करूं नये, असा बेत त्यानें रचला. त्यांतून मोठा उठाव झाला आणि सरकारनें तो निर्दयपणें मोडला. सन १८३२ सालीं शार्पला फांशी देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं कायदा मंजूर झाला. मालकांनीं बायबलांतून आज्ञाधारकपणा शिकविला आणि शार्पनें त्याच ग्रंथांतून स्वातंत्र्य शिकून घेतलें. मनापासून धर्म पाळणारांची नांवें लिहावयाचीं तर त्याचें नांव पहिल्या ओळींत लिहावें लागेल.

सन १८३३ च्या कायद्यानें २ कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांस. गुलामांस एक पैहि मिळाली नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांतील मुलूख या कायद्यांतून वगळला होता; हिंदुस्थानांत गुलामीस कायद्याचा आधार राहणार नाहीं, असें सन १८४३ सालीं ठरलें. मळ्यांस मात्र मजूर हवेच होते. म्हणून सन १८३४ पासून मॉरिशस बेटांत, आणि पुढें वेस्ट इंडीज, नाताळ व फिजी येथें, हिंदी मजूर कराराच्या कागदावर अंगठा घेऊन नेण्यांत येऊं लागले. त्यांत आपले मराठी बांधवहि होते. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्यें आहेत आणि आपली भाषा व सण सांभाळून आहेत. ज्या हिंदुस्थानची साखर गुलामीच्या डागापासून मुक्त म्हणून विकली गेली, त्याच हिंदुस्थानची माणसें गुलामांच्या रिकाम्या झालेल्या झोंपड्यांत नेऊन ठेविलीं. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सन १९१२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत ही पद्धति बंद करण्याचा ठराव आणला; तो फेटाळला गेला. त्यांचे स्नेही चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज हे ख्रिस्ती धर्मोपदेशक सन १९१५ सालीं पिअर्सन यांच्यासह फिजीस गेले आणि तेथील मजुरांची स्थिति त्यांनीं डोळ्यांनीं पाहून लिहिली. सन १९१७ सालीं करारावर मजूर पाठविणें थांबलें. फिजींतील उरलेले करार सन १९२० च्या आरंभीं रद्द झाले. अँड्र्यूज यांनीं कोणास धर्मांतर करावयास सांगितलें नाहीं. आपल्याच राष्ट्राच्या मळेवाल्यांविरुद्ध त्यांनीं साक्ष दिली, आणि लोकांनीं त्यांस दीनबंधु म्हटलें.

धार्मिक व्यापाऱ्याचा पाय कोठें घसरतो, तेंहि सांगितलें पाहिजे. बर्मिंगहॅमचे कॅडबरी हे क्वेकर घराणें; कामकऱ्यांसाठीं घरें, बागा व शाळा उभारून त्यांनीं मोठें नांव मिळविलें होतें. त्यांच्या कोकोचा बराच मोठा भाग साओ टोमे या पोर्तुगीज बेटांतून येई. तेथें गुलामांकडून काम घेतात, असें त्यांच्या कानावर सन १९०१ सालीं आलें. त्यांनीं चौकशी केली, लिस्बनला खेपा घातल्या, सन १९०५ सालीं स्वतंत्र माणूस पाठविला. पण माल घेणें बंद केलें तें सन १९०९ सालीं. मध्यंतरीं आठ वर्षें गेलीं. एका वर्तमानपत्रानें याबद्दल झोंबणारा लेख लिहिला, तेव्हां कॅडबरींनीं अब्रुनुकसानीचा दावा लाविला. ज्यूरीनें निकाल त्यांच्या बाजूनें दिला, आणि भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. तुमची अब्रू गेली खरी, पण ती एवढ्याच मोलाची राहिली आहे, असा त्या निकालाचा अर्थ लोकांनीं घेतला. कॅडबरी दुष्ट नव्हते. त्यांनीं इतरांपेक्षां पुष्कळ अधिक केलें. परंतु कारखान्याच्या आंतील कामकऱ्यास बागा देणारा धर्म बेटावरील कामकऱ्यापर्यंत पोंचण्यास आठ वर्षें कां लागावींत? चौकशी चालू आहे, या एका वाक्याच्या आड सज्जन व्यापारीहि किती काळ लपूं शकतो, याचा हा धडा आहे.

आमच्या हिंदु, मुसलमान, जैन व इतर वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, ही ख्रिस्ती लोकांची गोष्ट. तिचें आम्हांस काय? याचें उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनीं आपल्या कृतीनेंच दिलें आहे. सन १८७३ सालीं प्रसिद्ध केलेलें 'गुलामगिरी' हें पुस्तक त्यांनीं अमेरिकेंत निग्रो गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केलें. फुले ख्रिस्ती झाले नाहींत. परक्या देशांतील, परक्या धर्माच्या माणसांनीं जें चांगलें केलें तें उघड्या डोळ्यांनीं पाहावें, आणि त्याचा उजेड आपल्या घरांतील अंधारावर पाडावा, हा त्यांचा मार्ग होता. आम्हींहि तोच धरला आहे.

तेव्हां आतां आपल्या घरांतील साखरेकडे वळूं. महाराष्ट्र हा देशांतील साखर उत्पादनांत अग्रेसर प्रांतांपैकीं एक. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या कोरडवाहू भागांतून लक्षावधि माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. हंगामापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. बायकोचें नांव व तिची मजुरी निराळी बहुधा लिहिलीच जात नाहीं. आजारपणानें एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. सन २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीनें बीड जिल्ह्यांतील सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां १३,००० हून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें शस्त्रक्रियेनें काढून टाकलेलीं आढळलीं. खाडा परवडत नाहीं, औषधपाणी परवडत नाहीं, फडांत अंघोळीची सोय नाहीं, अशा जिण्यांतून ही पाळी येते. वेठबिगार बंद करण्याचा कायदा सन १९७६ पासून आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीं सरकारनें महामंडळहि स्थापिलें आहे. परंतु कायदा कागदावर असतांना मळ्यांत काय घडूं शकतें, हें वर सांगितलेल्या इतिहासावरून दिसून येईलच.

आम्ही साखर सोडा असें म्हणत नाहीं. तसें केल्यानें शेतकरी आणि तोडणारा या दोघांच्याहि पोटावर पाय येईल. परंतु साखरेचे घाऊक व्यापारी, त्यांचे संघ, मिठाईवाले आणि कारखान्यांचे सभासद यांस कारखान्यास कांहीं प्रश्न विचारतां येतात. ऊसतोडीचा हिशेब प्रत्येक कामकऱ्यास लेखी मिळतो काय? स्त्रीची मजुरी तिच्या नांवानें, तिच्या हातांत पडते काय? आजारपणाच्या दिवसाचा दंड बंद झाला काय? तळावर पाणी, शौचकूप आणि मुलांसाठीं शाळा आहे काय? ज्या कारखान्याचें उत्तर समाधानकारक येईल त्याचा माल प्रथम घ्यावा, आणि कां घेतला तें गिऱ्हाइकास सांगावें. साखरेच्या भांड्यावर चार शब्द लिहिणाऱ्या त्या दुकानदारांनीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.

आपल्या प्रांतांतील ख्रिस्ती बंधूंस आमची विशेष विनंति आहे. त्यांच्या धर्माच्या नांवानें महाराष्ट्रांत शाळा व दवाखाने निघाले, दुष्काळांत अनाथांस आसरा मिळाला. त्याचें ऋण आम्ही मानतों. परंतु ज्यास जग सुधारावयाचें आहे त्यानें दवाखाना काढण्यापूर्वीं, आपल्या चहाच्या पेल्यांतून कोणाचें आरोग्य नाहींसें झालें, हेंहि पाहिलें पाहिजे. हीच विनंति आम्ही गणपतीपुढें पेढे ठेवणाऱ्या, ईदेस शीरखुर्मा करणाऱ्या आणि पर्युषणांत क्षमा मागणाऱ्या बांधवांसहि करतों. येत्या पाडव्यास वहीपूजन होईल. वहीवर कुंकू वाहण्यापूर्वीं खरेदीचें पान एकदां उघडावें, आणि त्यांत लिहिलेला माल कोणाच्या हातांनीं तोडला तें विचारावें. हा प्रश्न विचारण्यास ८८ वर्षें लावूं नयेत, ४० लावूं नयेत, आणि आठहि लावूं नयेत.